डबा यायच्या वेळचा अभ्यास

आमच्या घरात प्रत्येकावर लहानपणीच एक शिक्का बसायचा आणि तो नंतर कोणी पुसायच्या भानगडीत पडत नसे. धाकटी बहीण तोंडाळ, चुलतभाऊ खादाड, आणि माझ्याबद्दल, ‘त्याला माणूस लागत न्हाय.’ हे आई पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. कुणाची तरी हळद होती. आमचं सगळं काल्हेर गाव बँजोवर नाचत होतं आणि मी मांडवाच्या मागे खुर्च्यांच्या थप्पीवर बसून पेपरातलं आकड्यांचं कोडं सोडवत होतो. आईने मला शोधून काढलं, कुणा पाहुणीला दाखवलं आणि हे वाक्य म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं, म्हणून मला तो शिक्का आवडला.

शिक्क्याचा फायदाही भरपूर झाला. पाहुणे आले की बहिणीला चहाचे कप घेऊन पळावं लागायचं, मला कोणी हाक मारत नसे. घरात एकच खोली अशी होती जिचं दार लागायचं, ती मला मिळाली. बारावीला गणितात चांगले गुण पडले, पदवीलाही पडले, आणि पुण्याला विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. आमच्या भाऊबंदांत शिकायला इतक्या लांब गेलेला मी पहिलाच. बाकीच्यांनी शेतं गोदामांखाली गेल्यावर तिथे टेम्पो लावले, कोणी हमालांची मुकादमी धरली, कोणी नुसतं भाडं घेऊन खुर्चीत बसायला शिकला. ‘हा तिथं कसा राहील’ असं कोणी विचारलंही नाही. त्याला माणूस लागत न्हाय, मग त्याला काय, तो कुठेही राहील.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. जुलैत मी होस्टेलला गेलो.

तिथे खोलीत एक बीडचा मुलगा वाट्याला आला. हा प्राणी दात घासतानाही बोलायचा. फेस तोंडात ठेवून त्याला जे सांगायचं असायचं ते तोंड धुऊन झाल्यावरही सांगता आलं असतं, पण तेवढा धीर त्याच्याकडे नव्हता. संध्याकाळी मेसमधून आलो की तो वही घेऊन माझ्या खाटेवर ठाण मांडायचा आणि म्हणायचा, “हे सर काय बोलले ते एकदा माणसाच्या भाषेत सांग.” मी वैतागून सांगायचो. तो मध्येच थांबवायचा, “पण असं का?” मी पुन्हा सांगायचो. तो पुन्हा विचारायचा. काही वेळा त्याचा प्रश्न इतका बावळट असायचा की उत्तर द्यायला मला मुळापासून सुरुवात करावी लागे. एकदा तर मी खरंच कानात कापसाचे बोळे घातले. त्याने ते स्वतःच्या हाताने काढले आणि विचारलं, “ऐकू येतंय ना आता?” असा महिना गेला.

ऑगस्टमध्ये साथ आली. स्वाइन फ्लू हा शब्द आधी पेपरात होता, मग एकदम रस्त्यावर आला. पुण्यात सगळीकडे तोंडाला फडकी बांधलेली माणसं दिसायला लागली. औषधांच्या दुकानांत मास्क संपले, मग लोकांनी रुमाल बांधले, गळ्यात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या आल्या. आमच्या मजल्यावरच्या दोघांना ताप आला आणि त्यांना तपासणीला नेलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजं बंद झाली आणि होस्टेल रिकामं करायला सांगितलं. बीडवाला जाताना माझा हात धरून उभा होता. “मला घरी पाठवतायत म्हणून बरंय रे,” तो म्हणाला, “इथं एकट्याला ठेवलं असतं तर मी फ्लूआधीच मेलो असतो. तुझं बरंय. तुला काही फरक पडत नाही.” शिक्का पुण्यातही पोचला होता, आणि मला त्याचा अभिमानच वाटला.

भिवंडीला एसटीतून उतरून काल्हेरला आलो तेव्हा आई ओट्यावर उभी होती. तिने नेहमीसारखं पुढे येऊन बॅग घेतली नाही. पदर नाकाला लावून ती तिथेच थांबली. मागे काकी, तिची लहान मुलं, बहीण. टीव्हीवर दिवसभर पुणे पुणे चाललेलं होतं, आणि मी पुण्याहून आलो होतो. पंधरवड्यावर गणपती आले होते, घरात लहान पोरं होती. मला त्यांची ती अडचण दिसली, आणि खरं सांगतो, ती सोडवण्यात मला एक प्रकारचा मोठेपणा वाटला. मी अंगणातूनच म्हणालो, “मी गाळ्यात राहतो. दहा दिवस. अभ्यासही होईल.”

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. आई म्हणाली, “त्याला काय, त्याला एकटाच बरा वाटतंय.” हे तिने काकीला सांगितलं, पण मला वाटतं ती स्वतःलाच सांगत होती.

गाळा म्हणजे आमचं गोदाम. आमच्या भाताच्या शेतावर गोदामांची जी रांग उठली त्यातला शेवटचा गाळा आमच्याकडे राहिला होता. आधीचा भाडेकरू शेजारच्या पूर्णा गावात मोठ्या जागेत गेला होता आणि नवा दिवाळीनंतर येणार होता. घरापासून चालत पाच मिनिटं. पुढे लोखंडी गेट, मग ट्रक लावायला मोकळी जागा, मग माल चढवायचा उंच ओटा, शटर, आणि आत एका कोपऱ्यात प्लायवूडची केबिन. केबिनमध्ये टेबल, खुर्ची, पंखा. बाबाने एक खाट टाकली. उरलेला गाळा एवढा मोठा आणि एवढा रिकामा होता की खोकलो तर खोकला पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायचा.

पहिले दोन दिवस मी राजा होतो. वेळापत्रक केलं, ते केबिनच्या प्लायवर चिकटवलं. सकाळी विश्लेषण, दुपारी बीजगणित, संध्याकाळी सेमिनारची तयारी. कॉलेज उघडलं की प्रत्येकाला फळ्यापाशी उभं राहून अर्धा तास एक प्रमेय सगळ्यांसमोर समजावून सांगायचं होतं, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती होती. पुढचं पुस्तक आधीच वाचून काढू, कॉलेज सुरू होईल तेव्हा आपण सगळ्यांच्या दोन महिने पुढे असू, असा बेत होता. कोणी हाक मारणारं नाही, कोणी खाटेवर येऊन बसणारं नाही. आयुष्यभर जे हवं होतं ते आयतं मिळालं होतं.

तिसऱ्या दिवशी मी सकाळी एक पान उघडलं आणि दुपारी डबा आला तेव्हा तेच पान उघडं होतं.

काय होत होतं ते मला कळत नव्हतं. ओळी वाचल्या की कळायच्या. पान संपलं की काही शिल्लक राहायचं नाही. मी व्याख्या मोठ्याने म्हणून पाहिली. माझा आवाज पत्र्यावर आदळून परत आला आणि मला स्वतःचीच भीती वाटली. मग मला ते कळलं, आणि ते कळणं फार अपमानाचं होतं. महिनाभर मी समजत होतो की मी बीडवाल्याला शिकवतोय. खरं म्हणजे तो ‘पण असं का’ म्हणायचा तेव्हा मला पहिल्यांदा ते समजायचं. त्याच्या बावळट प्रश्नांवाचून मी नुसता ओळींवरून डोळे फिरवणारा माणूस होतो.

त्याचा फोन यायचा. पहिल्या दिवशी तो आपल्या गावची, आजोबांची, गाभण म्हशीची हकिगत सांगू लागला आणि मी सवयीने म्हणालो, “अभ्यास चालूय रे.” दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी मी मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्याकडे बघत बसलो. सहाव्या दिवशीही तेच केलं. मी स्वतः लावू शकत होतो. नंबर होता, आवाज होता. पण मी आयुष्यात कोणालाही कामाशिवाय फोन केलेला नव्हता आणि पहिलं वाक्य काय बोलायचं असतं हे मला माहीत नव्हतं. म्हशीचं काय झालं, असं विचारता आलं असतं. ते मला आज सुचतंय.

दिवसातून दोनदा माणूस दिसायचा. सकाळी बाबा कामाला जाताना गेटपाशी मोटरसायकल थांबवायचा. आमच्याकडे बापाला अहोजाहो करत नाहीत, बाबा म्हणजे तूच. तो गेटच्या बाहेरून विचारायचा, “ताप?” मी ओट्यावरून, हातात उघडं पुस्तक धरून, सांगायचो, “न्हाय.” तो मान हलवायचा आणि जायचा. बाबाही फार बोलणारा नव्हता. दोन माणसांत मिळून दोन शब्द खर्च व्हायचे आणि त्यातला एक माझा असायचा.

दुपारी बहीण डबा घेऊन यायची. तिने ओढणी डोळ्यांखालपासून अशी काही गुंडाळलेली असायची की शेजारच्या गोदामातले हमाल तिला वाट करून देत. त्यांच्यातल्या एकाने मला एकदा कुंपणापलीकडून विचारलं, “भैया, इधर अस्पताल खुला है क्या?” मी नाही म्हणालो. तो हसला आणि त्यानंतर कुंपणाकडे फिरकला नाही. बहीण गेटवरूनच ओरडायची, “दादा, बरा हायस ना? आज कोलंबी हाय. पुरचुंडी गळ्यात घातलीस का? काकीचा बारका तुझी खुर्ची घेऊन बसलाय.” तिचं हे चार-पाच मिनिटं चालायचं. मग ती डबा ओट्यावर ठेवून, हात झटकत जायची.

आता मी जे केलं ते सांगतो. याचं मला अजून नीट कारण देता येत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी सकाळपासून डब्याची वाट बघायला लागलो होतो. डबा साडेबाराला यायचा. मी अकरालाच ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघत बसायचो. येणारे ट्रक बघायचो, त्यांच्यामधून ती हिरवी ओढणी दिसते का ते बघायचो. आणि ती ओढणी वळणावर दिसली रे दिसली की मी आत पळायचो, खुर्ची ओट्यावर आणून ठेवायचो, मांडीवर पुस्तक उघडायचो आणि डोकं खाली घालायचो. तिने मला वाट बघताना पाहू नये म्हणून. ज्याला माणूस लागत नाही तो दीड तास रस्त्याकडे डोळे लावून बसलाय, हे घरी कळलं तर मी कोण उरणार होतो?

दोन दिवस ती तशीच ओरडत राहिली आणि मी पुस्तकातून डोकं अर्धं वर काढून, जणू फार मोठ्या विचारातून बाहेर येतोय असं, “हूं” म्हणत राहिलो. सातव्या दिवशी ती आली, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडावर बोट ठेवलं. स्वतःच्याच. हळू पावलांनी ओट्यापर्यंत आली, डब्याचा आवाज होऊ नये म्हणून तो दोन्ही हातांनी ठेवला आणि तशीच मागच्या मागे गेली. गेटची कडीसुद्धा तिने वाजू दिली नाही. आमच्या घरातली तोंडाळ म्हणून गाजलेली ही पोरगी माझ्या अभ्यासासाठी तोंड बंद ठेवून आली आणि गेली. डब्यात चिठ्ठी होती. ‘आई बोलते तुला डिस्टर्ब करायचा नाही. मस्त अभ्यास कर.’

मी चिठ्ठी वाचली आणि रडलो. डबा तसाच राहिला. त्या दिवशीचं जेवण मी संध्याकाळी, सगळं गार झाल्यावर जेवलो.

उपाय अगदी साधा होता. दुसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवायचं आणि ती आली की म्हणायचं, बस जरा, लांब बस पण बस. एक वाक्य. मी ते मनात कितीदा घोकलं. आणि दुसऱ्या दिवशी ओढणी दिसली तेव्हा हात आपोआप पुस्तकाकडे गेला. त्यानंतरच्या दिवशीही. बाबाही आता गेटवरून ‘ताप?’ म्हणत नव्हता, नुसती भुवई वर करायचा. मी मान हलवायचो. म्हणजे दोन शब्द होते तेही गेले.

नंतर मी मास्तर झालो. पुढे जी मोठी साथ आली तिच्यात माझे विद्यार्थी महिनोन्‌महिने घरात कोंडलेले होते आणि मी त्यांच्याशी संगणकाच्या पडद्यातून बोलत होतो. दंगेखोर पोरांची मला काळजी वाटली नाही. ती ओरडत होती, तक्रारी करत होती, एकमेकांना पिडत होती. मी काळजी करायचो ती ‘सर, मी ठीक आहे, मला सवय आहे’ असं लिहिणाऱ्यांची. त्यांना मी काही ना काही बावळट कारण काढून फोन करायचो. त्यांच्यापैकी काहींना ते आवडायचं नाही, हे मला आवाजावरून कळायचं. तरी करायचो.

दहावा दिवस संपला. मला एकदाही ताप आला नव्हता, साधी शिंकही नव्हती. अकराव्या दिवशी सकाळी मी दाढी केली, आंघोळ केली, चादर घडी करून ठेवली, बॅग भरली आणि खाटेवर बसलो. आज कोणीतरी न्यायला येईल. बाबा आला, त्याने गेटमधून पाहिलं, भुवई वर केली, मी ओट्यावर येऊन मान हलवली, तो गेला. त्याला वाटलं असेल, दहा म्हणाला होता, पण अभ्यास रंगलाय, राहू दे. दुपारी ओढणी दिसली. आणि मी, बॅग भरून बसलेला माणूस, पुन्हा पुस्तक घेऊन बाहेर जाऊन बसलो. घर पाच मिनिटांवर होतं. गेटला कुलूप नव्हतं. मला कोणी कोंडलेलं नव्हतं, हे लिहिताना आजही मला माझाच राग येतो. त्यांनी बोलवावं म्हणून मी थांबलो होतो आणि मी येईन म्हणून ते थांबले होते.

बाराव्या दिवशी गणपती आले. आमच्याकडे घरच्या मुलाने डोक्यावर टोपी घालून मूर्ती आणायची असते. चौदाव्या वर्षापासून ते माझं काम होतं. बाकी कुठल्याच गर्दीत मी नसायचो, पण मूर्ती आणायला मी असायचो, कारण डोक्यावर मूर्ती असलेल्या माणसाला कोणी बोलायला लावत नाही. सकाळी रस्त्यावर ताशा ऐकू आला म्हणून मी गेटपाशी आलो. पुढे बाबा, मागे भाऊबंद, आणि मध्ये बहीण. माझी टोपी तिच्या कपाळावर उतरली होती आणि दोन्ही हातांनी डोक्यावरचा मूर्तीचा पाट धरून ती अशी चालत होती की जन्मात पहिल्यांदा तिला बोलायची आठवण नव्हती. तिने मला पाहिलं. हसली, इतकी खुशीत हसली की मला तिचा हेवाही करता येईना. बाबानेही पाहिलं. तो थबकला. त्याचा हात थोडा वर आला, बोलवायला की नुसताच, मला आजही सांगता येणार नाही. मी मागे सरकलो, जणू काहीतरी करायचं राहिलंय असं दाखवत आत गेलो. ताशा पुढे गेला.

संध्याकाळी मात्र मला राहवेना. बॅग उचलली आणि निघालो. घरात आरतीची माणसं जमली होती. आमच्याकडे आळीतल्या एकेका घरी सगळे मिळून आरती करत जातात, त्या वेळी आमच्या घराची पाळी होती. ओसरीभर चपला होत्या. मी दारात उभा राहिलो तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं आणि आई लगबगीने पुढे आली. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. बारा दिवसांनी मला कोणीतरी हात लावला होता.

“किती सुकलास,” ती म्हणाली. मग मागे गर्दीकडे बघून तिने आवाज खाली आणला, “चल, आतल्या खोलीत चल. इथं जाम गोंगाट हाय, तुला त्रास होईल. तुझं पान आतच वाढते.”

मला म्हणायचं होतं, इथेच बसू दे. या सगळ्यांच्या मध्ये, कोणाच्या तरी गुडघ्याला गुडघा लावून. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर एवढी माया होती, आपल्या पोराला काय हवं ते आपल्याला न सांगता कळतं याचा एवढा आनंद होता, की मी म्हणालो, “बरं.” तिने मला आत नेलं, पाट मांडला, मोदक वाढले, पंखा लावला आणि जाताना आवाज येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं. मी बंद दाराआड आरती ऐकत मोदक खाल्ले. गाळ्यातल्या बारा दिवसांत मला जेवढं एकटं वाटलं नव्हतं तेवढं त्या अर्ध्या तासात वाटलं.

दीड दिवसाचा गणपती. खाडीवर विसर्जन झालं आणि त्या रात्री बीडवाल्याचा मेसेज आला की होस्टेल उघडलंय, वर्ग सुरू झालेत, पहिल्याच आठवड्यात तुझा सेमिनार लागलाय. आईने सकाळी चकल्या बांधून दिल्या. बाबा म्हणाला, “सोडतो स्टँडवर.”

भिवंडीच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. बाबाने नाकावर रुमाल बांधला होता. आमच्या मधे माझी बॅग होती. मी मनाशी हिशेब करत होतो की आता मी पुण्याला जाईन, दिवाळीला परत येईन, मला आतल्या खोलीत पान वाढलं जाईल, आणि हे असंच चालेल. माझं लग्न झालं तरी चालेल, मी म्हातारा झालो तरी चालेल. सगळे माझ्याशी शेवटपर्यंत असंच चांगलं वागतील.

बाबा म्हणाला, “आता जाऊन निवांत अभ्यास कर. तिथं तुला कोण त्रास देनार न्हाय.”

मी म्हणालो, “बाबा, मला गाळ्यात एकटं वाटायचं.”

बोलून मी समोर बघत राहिलो. एक गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. बाबाने विचारलं, “कवापासून?”

“तिसऱ्या दिवसापासून.”

“मी तर रोज येत व्हतो.”

“गेटवरून जायचास.”

“तू वाचत असायचास.”

“वाचत नव्हतो. तुमच्यापैकी कोण येताना दिसलं की पुस्तक धरायचो.”

बाबाने रुमाल खाली ओढला. आता तो हसणार की रागावणार ते मला कळेना. तो म्हणाला, “मी गाडी पुढं लावून परत मागं यायचो. गेटच्या खांबाआड उभा ऱ्हायचो जरा. तू पानच उलटत नव्हतास. मना वाटला, जाम कठीन गनित असंल.”

“मग आत का नाही आलास?”

“तुला माणूस लागत न्हाय ना,” तो म्हणाला. बॅगेच्या पट्ट्याशी बोटं चाळवत होता. “मनाबी लोक तसाच बोलतात. तुझ्या आजापासून बोलतात.”

मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. शेत गेल्यापासून तो दुपारी घरी जेवायला येत नसे, कुठल्याशा गोदामाच्या केबिनमध्ये एकटाच डबा खायचा. आम्ही सगळे म्हणायचो, त्याला तसंच बरं वाटतं.

तेवढ्यात पुण्याची गाडी लागली. बाबाने बॅग उचलली आणि माझ्या आधी आत चढला. मला वाटलं, वर ठेवून उतरेल. त्याने बॅग ठेवली, खिडकीची जागा मला दिली आणि शेजारी बसला. मला वाटलं, गाडी सुटेपर्यंत बसेल. गाडी सुटली. त्याची मोटरसायकल स्टँडच्या भिंतीला टेकून उभी होती, ती मागे गेली. कंडक्टर आला तेव्हा तो म्हणाला, “दोन पुणे.”

“बाबा, तिकडे साथ आहे अजून.”

“हाय तर हाय,” तो म्हणाला. “सरक जरा.”